वडिलांचा रकाना

हातमोज्यांची जोडी एकच उरली होती, त्याला ना माझा इलाज होता ना त्याचा. बाकीचे मोजे धुवायला गेले होते म्हणे. जुन्या नोंदींचे खंड उघड्या हातांनी चाळायचे नाहीत असा दफ्तरखान्याचा नियम, आणि नियमाच्या बाबतीत तिथल्या बाई कुणाच्या बापाचं ऐकणाऱ्या नव्हत्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नाकावर घसरलेला चष्मा. काचा चुकीच्या नंबरच्या आहेत, हे मला दारातूनच कळलं. आणि त्यांच्यासमोर आम्ही दोघं, एकमेकांना अजिबात न ओळखणारी, एकाच खंडासाठी अर्ज घेऊन उभी.

"खंड एक, टेबल एक, मोज्यांची जोडी एक," दफ्तरबाई म्हणाल्या. "भांडायचं असेल तर बाहेर पाऊस पडतोय, तिकडे जाऊन भांडा."

"भांडतंय कोण?" तो म्हणाला. "उजवा यांना द्या, डावा मला. पान उलटायला दोन हात लागतात, ते एकाच माणसाचे असले पाहिजेत असं थोडंच आहे?"

मी वळून नीट पाहिलं. केस भिजलेले, शर्टाच्या खिशाला स्क्रूड्रायव्हर अडकवलेला, आणि चेहरा असा की आपण फार शहाणपणाचं बोललो याची स्वतःला पूर्ण खात्री.

"तुमच्या डाव्या हाताचा भरवसा काय?" मी विचारलं.

"दिवसभर माणसांना वर-खाली नेणारी यंत्रं दुरुस्त करतो या हाताने. अजून कुणी पडलेलं नाही."

लिफ्टवाला निघाला. मी उजवा मोजा घातला.

आता मी कोण ते सांगून टाकते. मी चष्म्याचं दुकान चालवते. दुकान आजोबांनी घातलं, चालवलं, आणि स्वतःचीच नजर अधू झाल्यावर माझ्या गळ्यात घातलं. आई-बाबा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असतात. आजोबा आणि मी दुकानाच्याच वर राहतो. आजोबांची नजर मंदावली तरी जीभ शाबूत आहे. दफ्तरखान्यात मी आले होते ती त्यांच्याच कामासाठी.

आमच्या शहरात पूर्वी एक साबणाचा कारखाना होता. कारखाना कधीच बंद पडला, पण मालकांचा पुतळा चौकात आहे आणि लोक त्यांना अजून साबणवालेच म्हणतात. तर नगरपालिकेने ठरवलं, की पुतळ्यामागे एक दगडी फलक लावायचा आणि त्यावर साबणवाल्यांच्या वंशजांची नावं कोरायची. ज्याला आपलं नाव हवं असेल त्याने पूर्वजाच्या जन्माची नोंद आणून नातं सिद्ध करावं. हे ऐकल्यापासून आजोबांचं जेवणातही लक्ष नव्हतं, अर्ध्या ताटावरून उठायचे. त्यांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, साबणवाल्यांच्या घरी जन्मले होते. एवढं एकच वाक्य पणजोबा आयुष्यभर बोलले. आपल्या आईबापांबद्दल त्यापुढे चकार शब्द नाही. उरलेली गोष्ट आजोबांनी रचली होती. पणजोबा साबणवाल्यांचे चिरंजीव, बापलेकांचं काहीतरी बिनसलं, दोघेही मानी, मुलगा घर सोडून गेला. आजोबांनी ही गोष्ट शाळेत सांगितली, दुकानात सांगितली, आजीला लग्नाआधी सांगितली. आजी म्हणायची, मी माणसाशी लग्न केलं, त्याच्या साबणाशी नाही.

"कागद आण," आजोबा मला म्हणाले होते. "एवढं एक काम कर माझं. मग मी डोळे मिटायला मोकळा."

म्हणून मी त्या ओलसर खोलीत, एका हातात मोजा घालून, एका परक्या माणसाच्या शेजारी बसले होते.

दोन माणसांनी मिळून एक पान उलटणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. मी वर उचलायचे तेव्हा तो खाली दाबायचा. मी थांबले की तो ओढायचा. चार-पाच पानांनी जरा ताल जमला. मग माझ्या लक्षात आलं, की हा माणूस वाचतच नाहीये. खुर्ची मागे सरकवून, मान ताणून, डोळे बारीक करून नुसता बघतोय.

"तुम्हाला जवळचं दिसत नाही," मी म्हटलं.

"दिसतं की. फक्त ते जवळ असलं की दिसत नाही."

"याला दूरदृष्टी म्हणतात."

"बघा, आमच्या आत्याला आजवर हे कळलं नव्हतं."

आत्यानेच त्याला पाठवलं होतं. त्याचेही पणजोबा साबणवाल्यांच्या घरचेच असं आत्याचं म्हणणं. त्याला स्वतःला फलकाचं सोयरसुतक नव्हतं. आत्या म्हणाली जा, तो आला. मी मोठ्याने वाचू लागले आणि तो ऐकू लागला. बाळाचं नाव, जन्माची तारीख, घर, वडील. नाव, तारीख, घर, वडील. बाहेर पाऊस, आत माझा आवाज, आणि पान संपलं की त्याचा डावा हात बरोबर वेळेवर पुढे.

माझे पणजोबा त्याच दिवशी सापडले. मार्च महिन्यातली नोंद. घर साबणवाल्यांचं, आणि वडिलांच्या रकान्यात पुतळ्याखाली कोरलंय तेच पूर्ण नाव. मी ते दोनदा वाचलं. आजोबांचं खरं निघालं होतं! मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या माणसाचा हात दाबला. मोज्यासकट.

"अभिनंदन," तो म्हणाला, पण हात त्याने लगेच सोडवून घेतला नाही. "माझे राहिले. आत्याला नेमकं सालही माहीत नाही. म्हणजे पुन्हा यावं लागणार... आणि वाचून दाखवायला माणूस लागणार."

"माणूस नाही, चष्मा लागणार," मी म्हटलं. "दुकानात या."

तो आला. दुसऱ्याच दिवशी, संध्याकाळी, दाढी करून.

डोळे तपासताना समोरच्या माणसाच्या अगदी जवळ जावं लागतं. हा धंद्याचा भाग आहे. मी दिवसात किती लोकांच्या जवळ जाते आणि मला काही होत नाही. त्या दिवशी मात्र मला माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला, आणि मी विनाकारण काचेवर रुमाल फिरवत राहिले.

"ही काच बरी, की ही?"

"पुन्हा दाखवा."

"चार वेळा दाखवलं."

"आयुष्यभराचा प्रश्न आहे. घाई कशाला?"

"आयुष्यभराचा नाही, दोन वर्षांनी नंबर बदलतो."

"मग दोन वर्षांनी पुन्हा यावं लागेल ना..."

वरून आजोबांची हाक आली, "कोण आहे गं? इतका वेळ कुणाचे डोळे तपासतेयस, हत्तीचे?" तो हसला. जाताना दुकानाचं शटर कुरकुरतंय म्हणून स्वतःहून तेल घालून गेला. काचा तयार व्हायला थोडे दिवस लागतील असं मी सांगितलं. लागत नाहीत खरं तर. पण चष्मा मिळाला असता तर त्याला वाचून दाखवायला कुणी लागलं नसतं, एवढा हिशेब मला येतो.

मग दर मंगळवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही दफ्तरखान्यात भेटू लागलो. धुवायला गेलेले मोजे परत आले होते, दफ्तरबाईंनी दोन जोड्या पुढे केल्या, आणि आम्ही दोघांनीही एकाच वेळी म्हटलं, "एक पुरे." बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि एक जोडी परत ठेवली. काम झालं की समोरच्या टपरीवर चहा. त्याच्याकडे छत्री कधीच नसायची. माझी एकाच माणसाची होती, त्यामुळे दोघांचे बाहेरचे खांदे भिजायचे. तो मला लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायचा. अडकल्यावर माणसं आधी बटणं दाबतात, मग ओरडतात, आणि मग एकमेकांना नाव विचारतात, असं त्याचं निरीक्षण होतं.

"आपण उलट केलं," तो म्हणाला. "आधी पणजोबांचं नाव विचारलं."

तो मला आवडायला लागला होता. यात लपवण्यासारखं काही नाही. मंगळवारी घालायचे कपडे मी आदल्या रात्रीच काढून ठेवायचे, आणि सोमवारच्या गिऱ्हाइकांना चष्मे जरा स्वस्तात पडायचे.

आणि मग त्याचे पणजोबा सापडले.

मीच वाचलं. ऑक्टोबर महिना. नाव आत्याने सांगितलेलं. घर, साबणवाल्यांचं. वडील... मी थांबले.

"काय झालं? पुढे काय?"

मी वाचलं. तेच नाव. पुतळ्याखालचं.

त्याचा हात पानाच्या कोपऱ्यावर होता, तो त्याने हळूच मागे घेतला.

"म्हणजे तुमचे पणजोबा आणि माझे पणजोबा..."

"भाऊ," मी म्हटलं.

"म्हणजे आपण..."

"तेच."

"लांबचे ना पण? खूप लांबचे?"

"लांबचे असले तरी तेच," मी म्हटलं. आमच्या घरात भाऊ तो भाऊ, मग तो जवळचा असो की चार पिढ्यांपलीकडचा. त्याच्या आत्याचंही यापेक्षा वेगळं मत असायचं कारण नव्हतं. त्या दिवशी आम्ही चहा प्यायलो नाही.

आजोबांना मात्र आभाळ ठेंगणं झालं. "अरे, हा तर आपल्या घरचाच मुलगा! आणि मी याला गिऱ्हाईक समजत होतो!" त्यांनी त्याला वर बोलावलं, चाचपत जवळ घेतलं, पाठीवर थापा मारल्या, नातू म्हटलं. दोघांचे अर्ज एकत्रच गेले नगरपालिकेत. मी चहा दिला आणि सवयीने म्हटलं, "तुम्हाला साखर किती घालू?"

"तुम्हाला?" आजोबा कडाडले. "भावाला कुणी अहो-जाहो करतं का? तू म्हण!"

मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने कपाकडे पाहिलं.

"तुला... साखर किती?"

"नको," तो म्हणाला. "गोड वाटणार नाही आज."

कधीतरी आम्ही एकमेकांना तू म्हणू, हे मी मनात किती वेळा ठरवलं होतं. कुठे म्हणू, कोण आधी म्हणेल, तेसुद्धा. ते असं, आजोबांच्या हुकमाने, बहीण-भाऊ म्हणून म्हणावं लागेल हे काही त्यात नव्हतं. रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले आणि सकाळी डोळे सुजले म्हणून रंगीत काचेचा चष्मा लावून दुकानात बसले. धंद्याचा तेवढा एक फायदा.

त्याचा चष्मा मी निरोप धाडून घेऊन जायला सांगितला. आता थांबवून ठेवण्यात अर्थ नव्हता. तो आला, चष्मा लावला, माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिला.

"नीट दिसतंय?"

"हो. तीच तर पंचाईत आहे." मग एकदम म्हणाला, "मला एक विचारायचंय. राग मानू नकोस. तुझे पणजोबा मार्चमधले. माझे त्याच वर्षी ऑक्टोबरमधले. मी काही डॉक्टर नाही, पण एका बाईला इतक्या लवकर..."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याच दुःखात असलं की माणसाला साधी बेरीज जमत नाही. "दोन बायका असतील," मी म्हटलं.

"असतील. पण बाप एकच राहतो मग. काही उपयोग नाही." तो चष्मा काढून पुसू लागला. "तरी बघून येऊ या? मला आता वाचताही येतं."

मंगळवारची वाट न बघता मी दुकानाला कुलूप लावलं.

या वेळी आम्ही नुसते आमचे पणजोबा शोधले नाहीत, साबणवाल्यांच्या घरच्या सगळ्याच नोंदी काढल्या. त्या एकाच वर्षात साबणवाल्यांना इतकी मुलं झाली होती की मोजताना बोटं कमी पडली. एका आठवड्यात दोन.

"पुतळा उगाच नाही बसवला," तो पुटपुटला.

मला हसू आलं, पण मी वाचत राहिले. साबणवाल्यांच्या शेजारी पुस्तकं बांधणाऱ्याचं घर, त्यालाही पोरंच पोरं. त्याच्या शेजारी एका विधवेचं घर, खोल्या भाड्याने देणारीचं. तिच्या घरातही तीन बाळं. नाव, तारीख, घर, आणि वडिलांच्या रकान्यात...

मी पुन्हा वाचलं. मग खंडच त्याच्याकडे सरकवला. "हे तू वाच. मला बरोबर दिसत नाहीये बहुतेक."

त्याने वाचलं. "वडील म्हणून बाईचं नाव आहे."

"तीन मुलांची वडील."

"बाई वडील कशी असेल?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग तो पानाच्या अगदी वरच्या कडेवर वाकला, जिथे रकान्यांची नावं होती. नव्या चष्म्याने त्याला आता मुंगीचे पायही दिसत असते. "'वडील' हा शब्द छापलेला नाहीये," तो हळूच म्हणाला. "कागदाची पट्टी चिकटवलीये. खालचं काहीतरी दिसतंय... दिवा जरा जवळ घे."

मी दिवा जवळ घेतला. पातळ पट्टीच्या आतून जुनी छपाई दिसत होती. घरमालक.

झालं होतं ते इतकं साधं होतं. त्या काळी नोंदी घेणारा माणूस दारोदार फिरे, आणि या घरात मूल झालं का, घर कुणाचं, एवढंच टिपून घेई. मूल मालकाचं, भाडेकरूचं की मागच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगाराचं, ते विचारण्याचा नियम नव्हता. पुढे कधीतरी वडिलांचं नाव सक्तीचं झालं असणार, आणि कुणा आळशी कारकुनाने खंडच्या खंड नव्याने लिहिण्याऐवजी वर नुसती पट्टी डकवून दिली. एका पट्टीने साबणवाले अर्ध्या गल्लीचे बाप झाले, आणि ती विधवासुद्धा.

"मी नाही हो चिकटवली," दफ्तरबाई मागून म्हणाल्या. आम्ही केव्हापासून ओरडत होतो कुणास ठाऊक.

मग खरे बाप कुठे? लग्नाच्या नोंदीत. तिथे नवऱ्याच्या वडिलांनी स्वतः येऊन सही करायची असे. बाईंनी तो खंड काढून दिला. त्याचे पणजोबा आधी सापडले. वडिलांची सही, वेलबुट्ट्यांनी भरलेली, साबणवाल्यांची. ते खरोखरच त्यांचे चिरंजीव होते. माझे पणजोबा काही पानांनंतर. वडिलांचं नाव मी कधीच न ऐकलेलं. व्यवसाय, साबणाची कढई ढवळणे. आणि सहीच्या जागी शाईत बुडवून उठवलेला एक मोठा अंगठा.

"भाऊ नाहीत," तो म्हणाला. "मालकाचा मुलगा आणि कामगाराचा मुलगा. आपण भाऊ-बहीण नाही!"

मी हसायला लागले. ते हसू थांबेचना. आणि मग आजोबा आठवले, आणि हसू तिथेच विरलं. मागच्या महिन्यात मी त्यांना कागद आणून दिला होता, आता तो काढून घ्यायचा होता. आणि जे त्यांचं जाणार ते सगळं जाणार कुणाकडे, तर मला हव्या असलेल्या माणसाकडे.

त्याला न सांगताच कळलं. "नको सांगू त्यांना," तो म्हणाला. "फलकावर नाव लागू दे. कुणाचं काय जातंय? आपण दोघंच जाणतो. मी... मी येत जाईन घरी. भाऊ म्हणून."

"किती दिवस?"

"ते आहेत तोवर."

चांगुलपणा चांगुलपणा म्हणजे किती, याला काही सीमा असावी. मला त्याचा इतका राग आला आणि तो इतका आवडला, की दोन्ही एकदमच तोंडातून बाहेर पडलं. "मला भाऊ नकोय. कळलं? मला तू हवायस. भाऊ म्हणून आलास तर दारात उभं करणार नाही!"

दफ्तरबाईंनी किल्ल्यांचा जुडगा उगाचच खाली पाडला आणि उचलायला बराच वेळ घेतला. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाला, "मलाही. मोज्यांच्या दिवसापासून."

आजोबांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. पट्टी, विधवा, कढई, अंगठा, सगळं. आणि त्याच्याबद्दलही. अर्धं खरं सांगणं मला जमलं नसतं. आजोबा शेवटपर्यंत ऐकून घेतात असं सहसा होत नाही. त्या दिवशी त्यांनी ऐकलं.

"तुला लग्न करायचंय," ते म्हणाले, "म्हणून माझा आजोबा खोडलास?"

ते अगदीच खोटं नव्हतं. लग्न करायचं नसतं, तर मी तो खंड दुसऱ्यांदा उघडला असता का? नसता.

त्यानंतर घरात अबोला. आजोबा जेवत, पण ताटाशी बोलावं तसं. दुकानात उतरत नव्हते. तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा आजोबांनी वरून सांगितलं, मी झोपलोय. झोपलेला माणूस इतक्या खणखणीत आवाजात सांगतो का? मी पोळ्यांसारखी रोज एकच गोष्ट मनात लाटत होते, की चूक केली, की नाही केली, की चूक केली. फलकाची नावं कोरायला जायचा दिवस जवळ येत होता. त्याने आपला अर्ज मागे घेतो म्हटलं, तर मी म्हटलं, तुझा अर्ज खरा आहे, तुझ्या आत्याने काय पाप केलंय?

एका सकाळी आजोबा कपडे करून, काठी घेऊन जिन्यात उभे. "मला बघायचंय."

"काय?"

"जे तू बघितलंस ते. भिंग घे. मोठं घे. आणि त्यालाही बोलाव."

दफ्तरखान्यात आजोबांना मोजे घातले, खुर्चीवर बसवलं. दफ्तरबाईंनी लग्नाचा खंड स्वतः आणून उघडून दिला. आजोबांनी भिंग धरलं आणि एकेक अक्षर करत नाव वाचलं. मग व्यवसाय. मग भिंग अंगठ्यावर येऊन थांबलं आणि थांबूनच राहिलं. आम्ही दोघं मागे उभे होतो. त्याने माझा हात धरला.

"हा अंगठा इथेच उठवला?" आजोबांनी विचारलं. "याच दफ्तरात?"

"हो," दफ्तरबाई म्हणाल्या. "वडील हजर असल्याशिवाय नोंद होत नसे."

"म्हणजे तो आला होता. मुलाच्या लग्नाला." आजोबांनी भिंग खाली ठेवलं. "मी समजत होतो, दोघांचं भांडण झालं. म्हणून माझे वडील कधी त्यांचं नाव घेत नाहीत. काही भांडण नव्हतं. मी शाळेतून यायचो आणि मिरवायचो, आज मी सगळ्यांना सांगितलं, आपण साबणवाल्यांचे. ते जेवत असायचे. काही बोलायचे नाहीत. मला मिरवू द्यायचे."

त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला. मला वाटलं बाई आता ओरडणार. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. आजोबांनी आपला अंगठा त्या शाईच्या अंगठ्याशेजारी ठेवला, अगदी हलका, आणि तसाच राहू दिला. दोन्ही अंगठे सारखेच रुंद होते. मला रडू आवरेना, आणि या वेळी रंगीत चष्मा दुकानात राहिला होता.

"फलकावरचं माझं नाव काढायला सांगतो," आजोबा म्हणाले. "उद्या कुणी विचारलं, तर माझा आजोबा कढईवर होता म्हणून सांगायचं. साबण त्याने केला. त्यांनी वेष्टनावर नाव छापलं." मग काठी टेकून वळले. "आणि तू रे. इकडे ये. तुला मी नातू म्हटलं होतं."

"हो, आजोबा."

"ते रद्द. तू माझा कुणी नाहीस."

"नाही, आजोबा."

"मग परक्या मुलीचा हात धरून काय उभा आहेस?"

त्याने हात सोडला नाही. कान मात्र लाल झाले. "मला तिच्याशी लग्न करायचंय. तिला विचारलंय... म्हणजे तिनेच आधी सांगितलंय. तुम्हाला विचारायचं राहिलंय."

"मालकाचा खापरपणतू आहेस. आमच्या माणसाने जन्मभर तुमच्याकडे ढवळलं."

"आता मी ढवळीन. काय सांगाल ते."

"सकाळचा चहा," आजोबा लगेच म्हणाले. हे बहुतेक घरूनच ठरवून आले होते. "हिला येत नाही. पाणी असतं नुसतं." मग माझ्याकडे तोंड करून, "आणि तू गं? तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का? काही बोलशील?"

"हो," मी म्हटलं.

"हो कशाला?" दफ्तरबाईंनी खिडकीतून मान न वळवता विचारलं. "गुळणीला, की मुलाला?"

"मुलाला," मी म्हटलं.